सहज आलोय

"सहज आलोय!"

आधी ही आरोळी यायची आणि मागून माणूस. फाटकाच्या बाहेर उभं राहून, उजवा हात वर करून, पंजा उघडा दाखवत. आतून कुणी "या" म्हटल्याशिवाय फाटकाच्या कडीला हात लावायचा नाही. नवख्या पाहुण्याला गंमत वाटायची. सहज आलाय तर ये की बाबा, सगळ्या आळीला ओरडून कशाला सांगतोस! पण ती आरोळी कानावर पडली की आमच्या गावातली माणसं पुन्हा कामाला लागायची. पोळी लाटणारीचा थांबलेला हात फिरायला लागायचा. कारण हा माणूस कधीकधी न ओरडता यायचा, आणि तसा आला की त्या घरातलं कुणीतरी गेलेलं असायचं.

तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल. कुणी नेमलेला नसतो, पगार नसतो, पण वाईट बातमी घेऊन जायची वेळ आली की सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे वळतात. आमच्याकडे ते बूथवाले होते.

आमचं गाव दिघीच्या खाडीला लागून. पलीकडे आगरदांडा, मधे फेरीबोट. जेट्टीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर माझं मेडिकल आणि बरोबर समोर त्यांचा एसटीडी बूथ. कुणाच्या खिशात मोबाईल नव्हता त्या काळी मुंबईचे, कुवेतचे, दुबईचे सगळे फोन त्या काचेच्या खोक्यात यायचे. अमक्याच्या आईला बोलवा, तमक्याच्या बायकोला सांगा, मुलगा झाला. बूथवाले चपला अडकवायचे आणि पळायचे. आणि तसलेही फोन यायचेच. मग ते सावकाश चालत जायचे.

पुढे मोबाईल आले. काचेच्या खोक्यात फोनच्या जागी कोल्ड्रिंकचा फ्रीज आला आणि बूथवाले रिचार्ज मारायला लागले. मला वाटलं, सुटले. कुठले सुटतायत! आता मुंबईहून थेट त्यांच्याच मोबाईलवर फोन यायला लागले. "काका, आईला फोनवर कसं सांगू? तुम्हीच जाऊन या ना."

त्यात एकदा भलतंच झालं. बाजारात एक कोळीण मासळी विकत बसली होती. समोरच्या गिऱ्हाईकाने मोबाईल पुढे केला, "मावशी, हा तुमचाच भाऊ ना?" फोटोभोवती फुलं, खाली जोडलेले हात, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली'. ती बाई कोयता हातात धरून तशीच बसून राहिली. त्यानंतर गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नियमच झाला. बूथवाले जाऊन आल्याशिवाय कुणी काही टाकायचं नाही. गावात बातमी सगळ्यांना कळलेली असायची, ग्रुप मात्र चिडीचूप. माझ्या काउंटरवर येऊन माणसं हळूच विचारायची, "बूथवाले जाऊन आले का?" ते जेट्टीच्या रस्त्याने परतताना दिसले की मग जोडलेल्या हातांचा पाऊस.

त्यांची सांगायची एक रीत होती. अगदी सुरुवातीला त्यांनी एका बाईला दारातच सरळ सांगून टाकलं होतं. तिच्या हातात पेजेचं गरम पातेलं होतं. दोन्ही पाय भाजले तिचे. तेव्हापासून ते आधी पायरीवर बसायचे आणि म्हणायचे, "जरा पाणी द्या."

"माणसाला उठून आत जायला लावायचं," ते मला सांगायचे. "हातातलं खाली ठेवतं ते. तांब्या भरताना त्याला अर्धं कळलेलं असतं. मग तांब्या आपण घ्यायचा, बाजूला ठेवायचा, आणि नाव घ्यायचं."

"आणि पुढे?"

"पुढे काय नाय. नुसतं नाव. तुमचा महादेव, असं म्हणून थांबायचं. बाकीचा शब्द ज्याचा त्याने म्हणायचा, वहिनी. तो मी म्हटला ना, तर जन्मभर तिला माझ्या आवाजात ऐकू येईल."

मी कॉलेजात शिकलेली, रोह्याहून सून म्हणून आलेली बाई. मला वाटायचं, दुःख झाल्यावर माणसं दुःख झालं असं म्हणत असतील. बूथवाले हसले होते. "इतक्या घरांत गेलो, पण दुःख हा शब्द मला कुठल्या घरात भेटला नाय. तो फ्लेक्सवर असतो."

मग मीही कान देऊन ऐकायला लागले. खरंच, माझ्या काउंटरवर कुणी दुःख घेऊन येत नाही. "तोंडाला चव न्हाय." "पोटात खड्डा पडल्यासारखं वाटतंय." "इथं मधोमध काहीतरी अडकलंय, खाली पण जात न्हाय, वर पण येत न्हाय." आणि सगळ्यांचं शेवटी एकच, "अ‍ॅसिडिटीची एक गोळी दे." आमच्याकडे दुःखाला अ‍ॅसिडिटी म्हणतात. बूथवाले ज्या घरी जाऊन यायचे, त्या घरातलं माणूस आठवडाभरात माझ्याकडे गोळी न्यायला यायचंच. समोरून बूथवाल्यांचं लक्ष असायचं. "आली का ती?" ते विचारायचे. मी आली म्हटलं की त्यांना हायसं वाटायचं. एखादी नाहीच आली, तर ते मुद्दाम तिच्या घरावरून जायचे आणि फाटकातून ओरडायचे, "सहज आलोय!"

या आरोळीचीही कथा आहे. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं आणि ते पत्रिका वाटायला निघाले. पहिलंच घर जेट्टीजवळच्या एका म्हाताऱ्या नानीचं. तिचा मुलगा कुवेतला. बूथवाले नवा शर्ट घालून, हातात पिशवी घेऊन, मोठ्या उत्साहाने अंगणात शिरले. नानी तांदूळ निवडत होती. यांना बघितलं आणि "या अल्ला!" म्हणून सूप टाकून जमिनीवर बसली ती छातीच पिटायला लागली. शेजारच्या बायका धावल्या, त्याही रडायला लागल्या. बूथवाले मधोमध उभे, पत्रिका हलवतायत. "अगो नानी, लगीन हाय, लगीन! माझ्या पोरीचं!" कुणी ऐकेल तर शपथ.

कळलं तेव्हा नानीने चप्पल काढली. दोन ठेवून दिल्या, मग जवळ घेतलं, मग सरबत दिलं. आणि निघताना दम भरला, "पुढच्या वेळेला लांबूनच वरडत ये, मेल्या! सहज आलोय म्हणून वरड!"

तेव्हापासून ते ओरडायला लागले. गणपतीत दर्शनाला गेले तरी रस्त्यातूनच, "सहज आलोय, दर्शनाला!" लग्नाच्या मांडवाच्या तोंडाशीसुद्धा. वरपक्षाची मंडळी चमकून बघायची, आमची हसायची. मीही हसले आहे. पण मांडवात ते बसले की त्यांच्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या राहायच्या, हे बरेच दिवस माझ्या लक्षात आलं नव्हतं. कुणी मुद्दाम करायचं नाही हो. नुसती माणसं दुसरीकडे बसायची.

घरातसुद्धा सुटका नव्हती. त्यांची बायको, आमची काकी, वालाची शेती बघणारी, खणखणीत बाई. तिने यांना घरात पाणी मागायचीच बंदी घातली होती. "ह्यांनी पाणी मागितलं की माज्या पोटात धस्स होतं," ती मला म्हणाली होती. "म्हटलं, तानबीन लागली तर आपल्या हातानं घेयाचं. मला सांगायचं न्हाय." म्हणून बूथवाले तहान लागली की मुकाट्याने उठायचे आणि माठातून तांब्या भरून घ्यायचे. हे ते सांगायचे तेव्हा आम्ही दोघंही पोट धरून हसायचो.

मग एक दिवस दुपारी दुकानात कुणी नसताना ते आले. न ओरडता. घरी सासूबाई एकट्या होत्या. माझा चेहरा बघून ते दारातच थांबले आणि घाईघाईने म्हणाले, "सहज, वहिनी, सहज! चुकलो. अ‍ॅसिडिटीची एक पट्टी द्या."

"कुणाला?"

"मलाच. जळजळतं."

"कधीपासून?"

"बूथ टाकला तेव्हापासून."

मी हसले, ते हसले नाहीत. पट्टी खिशात घातली तरी निघेनात. काउंटरवरच्या काचेवरून बोट फिरवत राहिले.

"तुमचं तोंड बघितलं ना आत्ता?" ते म्हणाले. "असं तोंड मी रोज बघतो. वहिनी, मला कुणाच्या तरी घरी जाऊन नुसतं बसायचंय. हाक न देता शिरायचं, बसायचं, इकडचं-तिकडचं बोलायचं, आणि घरी जायचं. बास."

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पण त्यांचा तो हात वर करून उभा राहिलेला पुतळा आम्ही सगळ्यांनी मिळून फाटकाबाहेर उभा केला होता, आणि त्याला आत घ्यायचं कसं ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

त्यांची मुलगी उरणला दिलेली. जावई कंटेनर यार्डात. बूथवाले चार दिवस तिकडे जाऊन आले ते बदलूनच आले. मुलीने शेजारी द्यायला मोदक दिले होते. "मी जिना चढलो," ते सांगत होते, "बेल वाजवली. आतून कोण म्हणून पण विचारलं नाय! बाईने दार उघडलं आणि हसली. हसली, वहिनी! म्हणते, या ना काका, बसा. पंखा लावला." ही गोष्ट त्यांनी मला त्या महिन्यात कितीदा सांगितली असेल. दर वेळी पंख्यापाशी येऊन थांबायचे.

त्यांनी ठरवलं, उरणला राहायला जायचं. काकी म्हणाली, "तुमी जा. वाल निघाला की मी येते मागनं." येणार नव्हती ती. तिचा जीव शेतात. पण तिने त्यांना अडवलं नाही, उलट धोतरं-शर्ट घड्या घालून पिशवी भरून दिली.

ते निघाले त्या दिवशी मीही मुरूडला माल आणायला निघाले होते. फेरीबोटीत आम्ही शेजारी बसलो. गाड्या चढल्या, काशीदला निघालेल्या पर्यटकांनी सेल्फी सुरू केले. बोट सुटायच्या बेतात असताना जेट्टीवरून हाक आली, "बूथवाले! ओ बूथवाले, उतरा!"

त्यांनी मान समुद्राकडे वळवली. इतकी वळवली की त्यांच्या मानेच्या शिरा दिसायला लागल्या. हाक पुन्हा आली. बोटीतली ओळखीची माणसं त्यांच्याकडे बघायला लागली. नुसती बघत राहिली. मीही बघितलं.

"मी सांगते," मी म्हणाले. "तुम्ही जा. कोण गेलंय ते मला कळलं की मी जाऊन सांगते त्यांच्या घरी."

ते माझ्याकडे वळले. इतके रागावलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. "खुळ्या झाल्या काय? दुकान हाय तुमचं. एकदा सांगायला गेलात की उद्यापासून तुम्ही रस्त्याने चाललात तरी लोक दार लावतील. गोळी न्यायला कोण येणार मग?" आणि त्यांनी पिशवी उचलली. उतरताना म्हणाले, "आणि वहिनी, कधी पाळी आलीच तुमच्यावर, तर काय वाटेल ते करा, पण खोटं सहज म्हणू नका. त्या शब्दावर माझं सगळं चाललंय."

बोट सुटली. ते पिशवी घेऊन जेट्टीचा चढ चढत होते, सावकाश. मी माल आणला, परत आले, संध्याकाळी दुकान उघडलं. समोर बूथ उघडा होता आणि ते कुणालातरी रिचार्ज मारून देत होते.

असं पुन्हा एकदा झालं. दुसऱ्या खेपेला तर ते बोट टाळून जीपमध्ये बसून म्हसळ्यावरून, गोवा हायवेने जायला निघाले होते, तरी गाठलंच लोकांनी. आमचं गाव वाईट नाही, बरं का. जीव लावणारं आहे. म्हणूनच तर सोडत नव्हतं.

शेवटी एका सकाळी ते कुणालाही न सांगता गेले. मला तेवढं सांगितलं. "मोबाईल बंद ठेवणार हाय. पोरीच्या फोनवरून तुम्हाला लावीन." गावात चार दिवस बोंबाबोंब झाली. त्यात एक म्हातारा गेला, तर त्याच्या बहिणीला सांगायला कुणी पुढे होईना. अख्खी दुपार माणसं तिच्या घरासमोरून नुसती येरझाऱ्या घालत होती. शेवटी तीच बाहेर आली आणि म्हणाली, "काय ते बोला न्हायतर घरला जा."

इकडे मला उरणहून फोन यायचे. "आज वरच्या मजल्यावर जाऊन आलो. सहज." "आज खालच्या भाजीवाल्याकडे बसलो तासभर. वांगी निवडून दिली." एकदा तर इतक्या आनंदाने सांगितलं की मला फोन कानापासून लांब धरावा लागला, "वहिनी, आज एका घरी गेलो तर त्या बाईने दार उघडलं आणि म्हणते, कशाला आलात हो काका, मालिका लागलीय!" आपल्याला बघून कुणीतरी नुसतं वैतागलं, याचंच त्यांना कोण कौतुक.

मी काकीला निरोप द्यायची. ती हसायची आणि वाल सोलत राहायची.

पावसाळा संपत आला होता. सकाळी दुकान उघडून उदबत्ती लावत होते तर उरणहून त्यांच्या मुलीचा फोन.

"काकू, बाबा... शेजाऱ्यांकडे गेले होते. चहा प्यायला. खुर्चीतच..." बराच वेळ ती रडत राहिली. मग म्हणाली, "आईला फोनवर कसं सांगू मी?"

मी फोन ठेवला. बाजारात कसं कळलं कोण जाणे, पण कळलं होतं. जावयाने कुणालातरी गाडीसाठी फोन केला असणार. दुकानासमोर चार-पाच माणसं येऊन उभी राहिली. कुणी काही मागेना. मी मोबाईल उघडून बघितला. ग्रुपवर एक अक्षर नव्हतं. सगळं गाव वाट बघत होतं, आणि समोर बूथचं शटर खाली होतं. ती माणसं माझ्याकडे बघत होती. बोटीतल्या माणसांनी बूथवाल्यांकडे बघितलं होतं, अगदी तसंच.

मी चपला अडकवल्या आणि सावकाश चालायला लागले. वाटेत एका दारात कुणीतरी उभं होतं, ते मला बघून आत गेलं.

काकी अंगणात होती. नळाखाली निळा ड्रम लावलेला, पाण्याची धार जोरात. मी फाटकापाशी थांबले. ओरडायचा शब्द मला ठाऊक होता. तो तोंडापर्यंत आलाही होता. मी कडी काढली आणि आत जाऊन पायरीवर बसले.

"माज्या गोळ्या संपल्या न्हाईत अजून," काकी म्हणाली.

मी चपला काढून बाजूला ठेवल्या.

"सहज आलीस व्हय गो?"

मी तिच्याकडे बघू शकले नाही.

"बाय, सहज आले म्हण की." तिने पदर हातात घट्ट धरला होता. "म्हण ना. काय जातंय तुजं?"

माझं काही जात नव्हतं. पण त्यांचं गेलं असतं. "काकी, जरा पाणी देता?"

ती जागची हलली नाही. माझ्याकडे बघत राहिली, मग मान हलवली, हट्टाने, लहान पोरीसारखी.

"न्हाय," ती म्हणाली. "पाणी न्हाय घरात. आज नळच आला न्हाय."

तिच्या मागे ड्रम भरून वाहायला लागला होता. पाणी अंगणभर पसरत माझ्या पायांपर्यंत आलं, आणि ती म्हणतच राहिली, "पाणी न्हाय गो, बाय. पाणी न्हाय."